फँटसी साहित्य आणि कल्पित जगांचा अभ्यास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पदव्युत्तर विद्यार्थी, संशोधनाकडे नव्याने वळलेले वाचक आणि फँटसीवर गांभीर्याने लिहू पाहणारे लोक नेहमी विचारतात. उत्तरं देताना एक भूमिका सगळीकडे धरली आहे. कल्पित जग वाक्यांनी बनलेलं असतं, आणि ती वाक्यं काय करतात हे दाखवणं हे अभ्यासकाचं काम आहे.

कल्पित जगाचा अभ्यास म्हणजे त्या जगाची सगळी माहिती गोळा करणं का?

नाही, आणि कच्चे प्रबंध हमखास इथेच घसरतात. राजवंशांच्या याद्या, युद्धांची सनावळी, जादूचे नियम, प्राण्यांच्या जाती टिपून काढायला मेहनत लागते. त्या मेहनतीमुळेच आपण काहीतरी सिद्ध केलं असं वाटू लागतं, पण हाती उरते ती जंत्री. ‘या जगात ड्रॅगन किती प्रकारचे?’ हा जगाच्या आतला प्रश्न झाला. ‘पहिली दोनशे पानं ड्रॅगन फक्त ऐकीव गोष्टींतून का येतो?’ हा संहितेबद्दलचा प्रश्न झाला. अभ्यास दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होतो, आणि पहिल्याचं उत्तर त्याला कच्चा माल पुरवतं.

उदाहरणासाठी रचलेलं एक वाक्य घेऊ : ‘तिसऱ्या घंटेला मीठवाल्यांनी दारं लावून घेतली, कारण त्या रात्री दोन्ही चंद्र मावळणार होते.’

यातला ‘दोन्ही’ बघा. ‘दोन चंद्र’ म्हटलं असतं तर निवेदक वाचकाला माहिती पुरवतो आहे असं झालं असतं. ‘दोन्ही’ म्हणताना चंद्र दोन आहेत हे ऐकणाऱ्याला ठाऊकच आहे, असं त्याने धरून चाललं आहे. म्हणजे एका अक्षराच्या फरकाने वाचक परक्याचा घरचा झाला. ‘तिसऱ्या घंटेला’मध्ये कालगणना आली, तिचं स्पष्टीकरण आलं नाही. ‘मीठवाले’ हा धंदा आहे, जात आहे की पंथ, ते कळत नाही, पण त्यांना असं सहज नाव घेऊन हाक मारता येते एवढं कळतं. सगळ्यांत जास्त भार ‘कारण’ उचलतो. चंद्र मावळणं आणि दार लावणं यांचा संबंध तो उलगडून न सांगता पक्का करतो. भीती, श्रद्धा की समुद्राची भरती, हे वाचकाने शोधायचं. आता तेच असं लिहून पाहा : ‘या जगाला दोन चंद्र होते आणि ते मावळले की भुतं बाहेर पडत, म्हणून मीठ विकणारे लोक दारं लावत.’ माहिती वाढली, पण जग पातळ झालं. कोणत्या शब्दामुळे पातळ झालं हे बोट ठेवून सांगता आलं, की तुमच्या अभ्यासाला सुरुवात झाली.

फँटसीची कोणती व्याख्या धरायची?

सर्वमान्य व्याख्या नाही आणि ती शोधण्यात पहिलं प्रकरण खर्च करू नये. ब्रायन ॲटबरी यांनी १९९२मध्ये सुचवलेली मांडणी कामाला सगळ्यांत सोयीची आहे. फँटसी हा काटेकोर कुंपणाचा प्रकार नसून त्याला ठळक केंद्र आणि धूसर कडा आहेत, असं ते म्हणतात. केंद्राजवळच्या कृतींत तीन गोष्टी दिसतात : आशयात अशक्य असं काहीतरी, संकटातून निवारणाकडे जाणारी रचना आणि वाचकाच्या मनात उठणारा विस्मय. कॅथरिन ह्यूम यांनी १९८४मध्ये वेगळी वाट धरली. त्यांच्या मते फँटसी हा प्रकारच नाही, ती साहित्यातली एक प्रेरणा आहे. अनुकरणाच्या प्रेरणेसोबत ती जवळपास सगळ्याच साहित्यात कमी-अधिक असते.

कादंबऱ्यांच्या एखाद्या गटावर काम करायचं असेल तर ॲटबरी घ्या. वास्तववादी कृतीतला अद्भुत अंश तपासायचा असेल तर ह्यूम. दोन्हींतली सोयीची वाक्यं उचलून एकत्र केली तर व्याख्या फुगते आणि तिच्यातून काहीच बाहेर राहत नाही. आपली व्याख्या एका परिच्छेदात लिहा. तिच्यात काय बसतं, काय बसत नाही आणि काठावरची एक कृती कोणती, एवढं सांगितलं की पुरे.

तोदोरोव्ह यांचं ‘फँटास्टिक’ आणि आपण म्हणतो ती फँटसी एकच का?

नव्हे. ही गल्लत इतकी पसरलेली आहे की परीक्षक ती आधी शोधतात. त्स्वेतान तोदोरोव्ह यांचं फ्रेंच पुस्तक १९७०चं. त्यांच्या मते ‘फँटास्टिक’ म्हणजे दोलायमान अवस्था. समोर घडलं ते भास होतं की खरोखर अलौकिक, हे ठरत नाही तोवर ती टिकते. नैसर्गिक स्पष्टीकरण मिळालं की कथा एका बाजूला ‘विचित्रा’त जाते, अलौकिक खरं ठरलं की दुसऱ्या बाजूला ‘अद्भुता’त. संपूर्ण कल्पित जगात घडणाऱ्या कादंबरीत जादू खरी की खोटी असा पेच सहसा नसतोच. म्हणजे आपल्या बहुतेक फँटसी कादंबऱ्या तोदोरोव्ह यांच्या हिशेबाने सरळ ‘अद्भुता’त जमा होतात, आणि त्या खोलीत ते स्वतः फार वेळ थांबत नाहीत.

रोझमेरी जॅक्सन यांनी १९८१मध्ये हीच मांडणी मनोविश्लेषणाला जोडली आणि प्रस्थापिताला सुरुंग लावणारं साहित्य म्हणून तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या या चौकटीत दुय्यम, म्हणजे स्वतंत्र कल्पित, जगं उभारणाऱ्या कादंबऱ्या गतकालाची ओढ लावणाऱ्या ठरतात आणि कमी दर्जाच्या वाटू लागतात. जॅक्सन यांचा आधार घेऊन अशाच कादंबरीचं कौतुक करणारे प्रबंध स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतात.

‘दुय्यम जग’ ही कल्पना कुठून आली?

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक जे. आर. आर. टोल्किन यांनी ८ मार्च १९३९ रोजी सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर व्याख्यान दिलं. त्याचं वाढवलेलं रूप १९४७मध्ये छापलं गेलं. लेखक एक दुय्यम जग निर्माण करतो आणि वाचक मनाने त्यात शिरतो. आत असेपर्यंत त्या जगाच्या नियमांनी जे घडतं ते त्याला खरं वाटतं. याला ते दुय्यम विश्वास म्हणतात. कोलरिज यांनी १८१७मध्ये मांडलेली ‘अविश्वास स्वेच्छेने बाजूला ठेवण्या’ची कल्पना त्यांना पुरेशी वाटत नाही. अविश्वास मुद्दाम बाजूला ठेवावा लागतो आहे, याचा अर्थ कला आधीच फसली आहे, असं ते म्हणतात. त्यांचं हिरव्या सूर्याचं उदाहरण प्रसिद्ध आहे. ‘हिरवा सूर्य’ हे शब्द कोणीही उच्चारील, पण तो सूर्य जिथे पटेल असं जग उभं करायला कष्ट पडतात.

टोल्किन यांच्या या निर्मितीला मराठीत ‘प्रतिसृष्टी’ म्हणण्याचा मोह होतो. शब्द सुंदर आहे, पण त्यात विश्वामित्र येतो आणि त्याच्याबरोबर विधात्याशी मांडलेली स्पर्धाही येते. टोल्किन यांच्या मनात स्पर्धा नाही. मूळ सृष्टीच्या आज्ञेतली, तिच्या हाताखालची निर्मिती त्यांना अभिप्रेत आहे. म्हणून त्यांच्या संदर्भात ‘उपसृष्टी’ लिहावं. निर्मात्याविरुद्ध बंड म्हणून जग रचणारा लेखक अभ्यासत असाल, तर मात्र ‘प्रतिसृष्टी’ नेमका बसतो.

रससिद्धान्त इथे वापरता येतो का?

येतो, आणि तो वापरायला हवा तितका वापरला जात नाही. ‘या प्रसंगात अद्भुत रस आहे’ एवढ्यावर थांबलं तर मात्र ती नुसती चिठ्ठी डकवणं होतं.

अद्भुताचा स्थायी भाव विस्मय. नाट्यशास्त्रात त्याचे अनुभाव दिले आहेत : डोळे विस्फारणं, टक लावून पाहणं, रोमांच, अश्रू, ‘वाहवा’ म्हणणं. आता कल्पित जगातला जन्मापासूनचा रहिवासी घ्या. त्याला उडती जहाजं रोजची. तो डोळे विस्फारणार नाही. पात्राकडून अनुभाव मिळत नाही, तरी वाचकाला विस्मय होतो. तो कोणत्या वाटेने होतो? उलट आपल्या जगातून तिकडे पोहोचलेलं पात्र वाचकाच्या वतीने चकित होत राहतं. दोन कादंबऱ्यांतले अनुभाव मोजून शेजारी ठेवले, की निवेदनाचा सगळा सांगाडा उघडा पडतो.

दुसरं साधन अभिनवगुप्तांकडे आहे. ‘अभिनवभारती’ या नाट्यशास्त्रावरच्या टीकेत त्यांनी सात रसविघ्नं, म्हणजे रस अनुभवण्यातले अडथळे, सांगितली आहेत. त्यांतलं पहिलं संभावनाविरह : समोर चाललेलं शक्यच वाटत नसेल तर चित्त त्यात बसत नाही. यावर उपाय म्हणून, लोकोत्तर पराक्रम दाखवायचे असतील तर रामासारखे प्रख्यात नायक घ्यावेत, असं ते सुचवतात. त्यांची कीर्ती अखंड चालत आलेली असते आणि त्यामुळे प्रेक्षकाचा विश्वास आधीच घट्ट रुजलेला असतो. नव्याने रचलेल्या जगातल्या नायकाच्या गाठीला अशी कीर्ती नसते. ती कादंबरीलाच आतल्या आत तयार करावी लागते. पात्रांच्या तोंडी असलेली जुनी गाणी, अर्धवट सांगितलेल्या दंतकथा, वंशावळी, म्हणी, भग्न शिलालेख या सगळ्यांचं हे काम आहे. यांना कोणी ‘पाल्हाळ’ म्हणत असेल तर त्याला हा मुद्दा दाखवावा.

अभिनवगुप्त नाटकाबद्दल बोलत आहेत, हे मात्र एका वाक्यात नोंदवा. मंचावर नट दिसतो, कादंबरीत सगळं भाषेवर असतं.

मेंडलसोन यांचे चार प्रकार कसे वापरायचे?

फॅरा मेंडलसोन यांनी २००८मध्ये विचारलं : कथेच्या जगात अद्भुत शिरतं कसं? त्यावरून चार प्रकार झाले. द्वार-शोध प्रकारात पात्र ओळखीच्या जागेतून अनोळखी प्रदेशात जातं. निमग्न प्रकारात सगळे त्याच जगातले असतात आणि कोणी काही समजावून सांगत नाही. घुसखोर प्रकारात अद्भुत बाहेरून येऊन घडी विस्कटतं. उंबरठ्यावरच्या प्रकारात अद्भुत दाराशी उभं असतं, आणि पात्रांना त्याचं काही वाटत नाही याचंच वाचकाला नवल वाटतं. हे प्रकार कथानकाचे नसून निवेदनाच्या पद्धतीचे आहेत. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये जादूचं दार नाही, तरी मेंडलसोन तिला द्वार-शोधातच घेतात, कारण हॉबिट, म्हणजे त्या कथेतले बुटके लोक, आपल्या छोट्या ओळखीच्या मुलखातून निघतात आणि वाचक त्यांच्याबरोबर शिकत जातो.

हे करून पाहायचं तर पहिली तीस पानं घ्या आणि जगाबद्दलचं प्रत्येक स्पष्टीकरण खुणा करून काढा. प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहा : कोण सांगतं, कोणाला, किती ओळी आणि ऐकणारा शंका घेतो का. द्वार-शोधात बहुधा एक जाणता वाटाड्या इतिहास सांगतो आणि त्याला कोणी उलट विचारत नाही. हा शंकेचा अभाव फार महत्त्वाचा आहे. त्या जगाचा इतिहास एकाच आवाजात येतो आणि तोच खरा ठरतो.

चूक होते ती या प्रकारांना खण समजण्यात. अख्खी कादंबरी एका खणात टाकली की अभ्यास संपतो. प्रकार कोणत्या प्रकरणात बदलला आणि तिथे काय घडलं, ते शोधा. मेंडलसोन यांनीही चौकटीत न बसणाऱ्या कृतींना वेगळं प्रकरण दिलं आहे.

प्रॉप किंवा कॅम्पबेल यांचा आराखडा लावला तर चालेल का?

व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८मध्ये अफनास्येव यांच्या संग्रहातल्या शंभर रशियन जादूकथा तपासून ३१ कार्यं (कथेत पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठरावीक कृती) आणि ७ भूमिका काढल्या. कार्यं गाळली जाऊ शकतात, त्यांचा क्रम मात्र ठरलेला, असा त्यांचा दावा आहे. हा दावा एका भाषेतल्या एका प्रकारच्या मौखिक कथांपुरता आहे. सातशे पानी कादंबरीवर तो जसाच्या तसा लावला की अर्धी कार्यं ओढूनताणून बसवावी लागतात. प्रॉप वापरायचेच असतील तर उलटे वापरा : कोणतं कार्य गायब आहे, कोणाचा क्रम मोडला आहे, आणि तिथे वाचकाची अपेक्षा कशी हुकते?

जोसेफ कॅम्पबेल यांचा १९४९चा नायकप्रवास, म्हणजे घर सोडणं, कसोटीतून जाणं आणि परतणं हा आराखडा, आम्ही टाळायला सांगतो. तो इतका सैल आहे की कशालाही बसतो. आणखी एक अडचण आहे. हा आराखडा लोकप्रिय झाल्यावर कित्येकांनी तो समोर ठेवूनच कथा लिहिल्या. तिथे आराखडा जुळणं हा मानवी मनाच्या एकतेचा पुरावा ठरत नाही, लेखकाच्या वाचनाचा ठरतो.

फँटसीसाठीच घडवलेली रचना हवी असेल तर जॉन क्लूट आणि जॉन ग्रँट यांच्या १९९७च्या फँटसीकोशातला क्रम पाहा : काहीतरी बिनसल्याची चाहूल, जगाचा कस कमी होत जाणं, ओळख पटणं आणि बरं होणं. यातलं कस कमी होणं, म्हणजे जादू आटणं, जुने वंश संपणं, नावांचे अर्थ विसरले जाणं, हे वाक्यांच्या पातळीवर दाखवता येतं. म्हणून ते विशेष उपयोगी आहे.

जगाची सुसंगती कशी तपासायची?

मार्क वुल्फ यांनी २०१२मध्ये तीन कसोट्या ठेवल्या : नवनिर्मिती, पूर्णता आणि सुसंगती. पूर्णता कधीच पुरी होत नाही. पूर्णतेचा आभास तयार होतो, आणि अभ्यास त्या आभासाचा करायचा. मरी-लॉर रायन यांचं १९९१चं ‘किमान फारकती’चं तत्त्व इथे जोडीला घ्या. संहिता वेगळं सांगत नाही तोवर वाचक कल्पित जग आपल्या जगासारखंच धरतो. घोडा म्हटलं की चार पायांचा.

तीन रकान्यांचा तक्ता करा. पहिल्यात संहिता स्पष्ट म्हणते ते, दुसऱ्यात त्यातून निघतं ते, तिसऱ्यात वाचक आपल्या पदरचं भरतो ते. पात्रं भाकरी खातात, मग धान्य आहे, शेत आहे, दळणारं कोणीतरी आहे. हे दुसऱ्या रकान्यात. ते दळणारे लोक कथेत कुठेच दिसत नसतील तर ती नोंद जपून ठेवा, ती पुढे राजकीय वाचनात लागते.

जादूचे नियम तपासताना लुबोमीर डोलेझेल यांचे (१९९८) चार निकष लावा : काय शक्य, काय मुभा असलेलं, काय मोलाचं, काय ठाऊक. बहुतेक जण पहिल्यावरच थांबतात. जादू कोणाला करू देतात आणि ती कोणाला माहीतच नसते, या दोन प्रश्नांतून कथानकाची खरी गाठ सुटते.

विसंगती सापडली की लगेच ‘त्रुटी’ लिहू नका. ती छपाईची चूक असेल, लेखकाची नजरचूक असेल, निवेदक खोटं बोलत असेल किंवा त्या जगातल्या दोन परंपरा एकमेकींशी भांडत असतील. चारही शक्यता क्रमाने तपासा.

कोणती आवृत्ती वापरायची? खरंच एवढा फरक पडतो?

पडतो. टोल्किन यांची ‘द हॉबिट’ १९३७मध्ये आली तेव्हा पाचव्या प्रकरणात गॉलम हा गुहेत राहणारा प्राणी नायक बिल्बोशी कोड्यांच्या खेळात हरल्यावर जादूची अंगठी बक्षीस द्यायला तयार होता. ती सापडत नाही म्हणून तो माफी मागतो आणि बिल्बोला बाहेरची वाट दाखवतो. पुढे अंगठीचं स्वरूप पूर्ण बदललं, तेव्हा असा गॉलम चालेना. १९५१च्या आवृत्तीत हे प्रकरण नव्याने लिहिलं गेलं. आता गॉलम चवताळतो, पाठलाग करतो. सर्वांत विलक्षण गोष्ट पुढची आहे. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या प्रास्ताविकात जुनी हकीकत पुसून टाकलेली नाही. ती बिल्बोने सांगितलेली खोटी गोष्ट ठरवली आहे. बाहेरच्या जगातली दुरुस्ती आतल्या जगाचा इतिहास झाली. कोणती आवृत्ती वाचली ते न सांगता कोणी ‘गॉलमच्या स्वभावा’वर लिहीत असेल, तर तो दोन वेगळ्या गॉलमांपैकी कोणाबद्दल लिहितो हेच कळत नाही.

म्हणून पहिल्या तळटिपेत आवृत्ती, वर्ष आणि प्रकाशक लिहा. अवतरणाला पानाबरोबर प्रकरणाचा क्रमांकही द्या, कारण लोकप्रिय कादंबऱ्यांच्या छापील आवृत्त्यांची पानं जुळत नाहीत.

लेखकाची पत्रं, मुलाखती, मरणोत्तर छापलेली टिपणं पुरावा म्हणून चालतात का?

चालतात, पण पायरी सांभाळून. लेखकाने हयातीत प्रसिद्ध केलेली संहिता पहिली, मसुदे दुसरे, पत्रं आणि मुलाखती तिसऱ्या. टोल्किन यांचा ‘सिल्मरिलियन’ त्यांच्या निधनानंतर १९७७मध्ये मुलाने, ख्रिस्तोफर यांनी, संपादित करून काढला. नंतर १९८३ ते १९९६ या काळात त्यांनी मसुद्यांचे बारा खंड छापले. त्यांतून एकाच कथेची अनेक रूपं समोर आली. ‘खरं रूप कोणतं?’ असं विचारण्यापेक्षा रूपं का बदलत गेली ते विचारा. ‘द हॉबिट’ आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ यांची हस्तलिखितं अमेरिकेतल्या मार्केट (Marquette) विद्यापीठात आहेत, इतर पुष्कळ कागद ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात.

पत्रातलं वाक्य देताना तारीख आणि ते कोणाला लिहिलं, हे द्यायलाच हवं. प्रकाशकाला पटवण्यासाठी लिहिलेलं आणि मित्राला लिहिलेलं सारख्याच वजनाचं नसतं.

नकाशा कसा वाचायचा?

संहितेचा भाग म्हणून. स्टेफान एकमन यांनी २०१३च्या पुस्तकासाठी दोनशे फँटसी कादंबऱ्यांचा यादृच्छिक नमुना तपासला. सुमारे एक-तृतीयांश पुस्तकांतच नकाशे निघाले. ‘फँटसी म्हणजे नकाशा आलाच’ हे वाक्य त्यामुळे प्रबंधात टिकत नाही.

आधी नकाशा कोणी आणि कोणत्या आवृत्तीसाठी काढला ते पाहा. मग तो पात्रांच्या हातात असलेला कागद आहे की फक्त वाचकासाठी आहे, ते ठरवा. वर कोणती दिशा आहे? ‘द हॉबिट’मधल्या थ्रोर या बौन्या राजाच्या नकाशात वर पूर्व आहे, आणि त्यामुळे तो बौन्यांचा वाटतो. नकाशाची कड कुठे कापली आहे, शेतं आणि खेडी दाखवली आहेत की फक्त किल्ले, कोणत्या भाषेतली नावं मोठ्या अक्षरांत आहेत, हे टिपा. शेवटी दोन याद्या करा : कथेत आहेत पण नकाशात नाहीत अशी ठिकाणं, आणि नकाशात आहेत पण कथा जिथे कधीच जात नाही अशी. दुसरी यादी बहुधा लांब निघते. कथेपलीकडेही जग पसरलं आहे ही भावना तीच निर्माण करते.

अंतरं तपासायची असतील तर दोरा ठेवून वाट मोजा आणि कथेतल्या दिवसांनी भागा. पायी माणूस बऱ्या रस्त्यावर दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर जातो. आकडा फारच वेगळा आला तर ती प्रकरणं पुन्हा वाचा. पुष्कळदा निवेदनाने मधले दिवस गाळलेले असतात, आणि ते कुठे गाळले हाच शोध ठरतो.

कल्पित भाषा आणि नावं अभ्यासायला भाषाशास्त्र यावं लागतं का?

प्राथमिक ध्वनिविचार पुरतो. सगळी विशेषनामं पहिल्या उल्लेखाच्या पानासह काढा. चाळीस-पन्नासपेक्षा कमी असतील तर आकृतिबंधाचा दावा करू नका. समाजगटांनुसार वाटून सुरुवातीचे आणि शेवटचे ध्वनी तपासा. कोणत्या गटाची नावं वाचकाला अर्थपूर्ण वाटतात आणि कोणाची निव्वळ ध्वनी म्हणून येतात? शत्रूंच्या वाट्याला कठोर व्यंजनं आली आहेत का? टोल्किन यांच्या क्वेन्या भाषेला फिनिश आणि सिंदारिनला वेल्श ध्वनींची प्रेरणा होती. दोन्ही एल्फांच्याच भाषा, तरी कानाला दोन वेगळे इतिहास ऐकू येतात.

शैलीसाठी अर्सुला ले ग्विन यांची १९७३च्या निबंधातली कसोटी अजून चोख आहे. फँटसीतला एक संवाद घेऊन त्यांनी मोजकेच शब्द बदलले आणि तो आजच्या राजधानीतल्या राजकारण्यांच्या तोंडी सहज बसला. जो उतारा असा सहज हलवता येतो, त्याची भाषा त्याच्या जगाची झालेली नसते.

मराठी भाषांतरावरून अभ्यास केला तर चालेल?

कथानक, रचना, पात्रांचे संबंध यांसाठी चालेल, भाषांतरित संहितेचा उल्लेख करून. ध्वनी आणि नावांसाठी चालणार नाही. देवनागरीत लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ, त-ट, द-ड हे निर्णय भाषांतरकाराने घेतलेले असतात. तुम्ही मोजाल ते त्याचे ध्वनी. शिवाय काही कृतींत मूळ इंग्रजी नावंच ‘भाषांतरित’ असल्याचं सोंग असतं. टोल्किन यांच्या कथेतल्या रोहन राज्याच्या लोकांची नावं जुन्या इंग्रजीत आहेत, कारण त्यांच्या भाषेचं त्या जगातल्या सर्वांच्या सामान्य भाषेशी असलेलं नातं तसं दाखवायचं आहे. कोणती नावं भाषांतरित करावीत यासाठी टोल्किन यांनी भाषांतरकारांकरता टिपणच लिहिलं होतं, ते १९७५मध्ये छापलं गेलं. मराठी भाषांतर हाच विषय घेतलात तर मात्र हीच अडचण तुमचं भांडवल होते : भाषांतरकाराने जुनेपणा कशाने आणला, संस्कृत शब्दांनी, बखरीच्या वळणाने की बोलीने?

वंश, सत्ता, लिंगभाव या अंगांनी वाचायचं तर कसं?

पुराव्याच्या पातळीवर. ‘लेखक वर्णद्वेषी होता का?’ हा चरित्राचा प्रश्न आहे. ‘या जगात स्वभाव रक्ताने ठरतो का, आणि हे कोण म्हणतं : निवेदक की एखादं पात्र?’ हा संहितेचा. हेलन यंग यांनी २०१६मध्ये या प्रकारात गोरेपण गृहीत कसं धरलं जातं हे सवयींच्या भाषेत मांडलं. एबनी एलिझाबेथ थॉमस यांनी २०१९मध्ये कृष्णवर्णीय मुलींच्या पात्रांचं काय होतं हे दाखवलं. दोघींचं वाचन करा, पण त्यांचे निष्कर्ष आयते चिकटवू नका. सुसंगतीसाठी वर सांगितलेल्या तक्त्यातला दुसरा रकाना इथे उघडा. ज्यांच्या कष्टांवर ते जग चालतं आणि ज्यांना एकही संवाद नाही, ते तिथे सापडतात.

प्रत्येक फँटसी रूपककथा असते का?

नाही. एकास एक जुळणी लावायची असेल तर ती संहितेने मागितली आहे हे आधी दाखवा. लेखकाने लादलेलं रूपक वेगळं आणि वाचकाला आपल्या अनुभवाशी लागू करता येणं वेगळं. हा फरक विसरला की प्रत्येक काळी सावली एखाद्या महायुद्धाची होते.

चित्रपट आणि गेम यांचा समावेश करावा का?

प्रश्न माध्यमांतराचा असेल तरच. पडद्यावर जग दिसतं, पानावर सांगावं लागतं. ‘दोन्ही चंद्र’ पडद्यावर नुसते वर टांगलेले असतात, तो ‘ही’ तिथे हरवतो. त्याची भरपाई कशाने झाली, हे शोधायचं असेल तर अवश्य घ्या. मूळ कादंबरीबद्दलच्या दाव्याला चित्रपटातला पुरावा देऊ नका.

विषय केवढा घ्यावा आणि वाचन कसं करावं?

सहा ते आठ हजार शब्दांच्या निबंधाला एक कादंबरी, किंवा दोन कादंबऱ्यांतला एकच घटक. ‘फँटसीतील चांगलं आणि वाईट’ हा विषय नव्हे. ‘अमुक कादंबरीच्या पहिल्या भागातले वाटाडे आणि त्यांना न विचारलेले प्रश्न’ हा विषय आहे.

पहिलं वाचन टिपणांशिवाय करा. कुठे गुंतलात, कुठे बाहेर फेकले गेलात, एवढंच संपल्यावर लिहून ठेवा. ही नोंद नंतर पुन्हा मिळवता येत नाही. दुसऱ्या वाचनात एकाच घटकाच्या सगळ्या खुणा करा. तिसऱ्यात पाच ते आठ उतारे निवडून शब्दागणिक वाचा. निवडलेल्यांत तुमच्या दाव्याच्या विरुद्ध जाणारा किमान एक उतारा असू द्या. तो नसेल तर परीक्षक तो शोधून आणतील.

आधीचं संशोधन पाहायला १९६९पासून निघणारं ‘मिथलोर’, १९८८मध्ये सुरू झालेलं ‘जर्नल ऑफ द फँटास्टिक इन द आर्ट्स’ आणि २००४पासूनचं ‘टोल्किन स्टडीज’ चाळा. चाहत्यांनी तयार केलेले ऑनलाइन कोश संदर्भ शोधायला उत्तम आहेत, कारण त्यांत कोणती गोष्ट कोणत्या प्रकरणात आली हे चटकन मिळतं. तिथून मूळ पानावर जा आणि उतारा तिथूनच घ्या. कोशातली नोंद अनेक पुस्तकं, मसुदे आणि कधी चित्रपटही एकत्र करून एकसंध सांगते, त्यामुळे कोणती गोष्ट कोणी, कोणत्या आवाजात सांगितली होती, हेच त्यात दिसेनासं होतं.